घटस्फोट किंवा मुलाच्या ताब्याचा दावा चालू असताना समाजमाध्यमे कशी हाताळावीत

घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला किंवा पतिपत्नी नुसते वेगळे राहू लागले, तरी मनात साचलेले कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि रात्री उशिरा हाताशी असतो तो फोनच. स्टेटसवर टाकलेल्या दोन ओळी चोवीस तासांनी आपोआप नाहीशा होतात. मात्र तेवढ्या वेळात दोघांच्या ओळखीच्या कोणीतरी घेतलेला स्क्रीनशॉट समोरच्या वकिलाकडे पोहोचलेला असतो, आणि काही महिन्यांनी, आपण असे काही लिहिले होते हेसुद्धा विसरलेलो असताना, उलटतपासणीत तो कागद हातात देऊन ‘हे आपणच लिहिले आहे ना?’ असे विचारले जाते.

मुलाच्या ताब्याचा प्रश्न असेल, तर या कागदाचे वजन आणखी वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील तिसऱ्या कलमात मुलाच्या हिताचा विचार प्रमुख मानला आहे, आणि नवव्या कलमात, मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर, दोन्ही पालकांशी नियमित संबंध ठेवण्याचा त्याचा हक्क मान्य केला आहे. कुटुंब न्यायालये सामान्यतः याच दिशेने विचार करतात. त्यामुळे घर, उत्पन्न आणि शाळा यांच्याइतकीच एक गोष्ट तपासली जाते, ती म्हणजे हा पालक आपला राग मुलापासून दूर ठेवू शकतो का. समाजमाध्यमांवर आपण जे लिहितो, ते या प्रश्नाचे कोणी न मागता दिलेले उत्तर असते. पुढच्या पायऱ्या हाच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. कायदा देशोदेशी वेगळा असल्याने प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी आपल्या वकिलांना विचारून घ्यावे.

पहिली पायरी : आपली खाती खरोखर आपली करा

अनेक वर्षे एका घरात राहिलेल्या दोन माणसांना एकमेकांचे पासवर्ड ठाऊक असतात, आणि ठाऊक नसले तरी अंदाजाने सापडतात. म्हणून सुरुवात ईमेलपासून करावी, कारण इतर सर्व खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक ईमेलवरच येतात. नवा पासवर्ड मुलाचे नाव आणि जन्मतारीख यांचा नसावा. त्यानंतर खाते परत मिळवण्यासाठी कोणता दुसरा ईमेल आणि कोणता मोबाइल क्रमांक दिलेला आहे, हे उघडून पाहावे. ओटीपी ज्या क्रमांकावर येतो ते सिम जोडीदाराच्या नावावर असेल, तर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करूनही फारसा उपयोग होत नाही.

यापुढची तपासणी बहुतेक जण विसरतात. घरात मुलासाठी घेतलेला एक जुना टॅब असतो आणि त्याच्यावर कधीकाळी आईचे किंवा वडिलांचे खाते उघडलेले असते. तो टॅब मुलाबरोबर दुसऱ्या घरी जातो, तेव्हा आपले फोटो, आपला ईमेल आणि कधीकधी आपले संदेशही त्याच्याबरोबर जातात. व्हॉट्सअ‍ॅप मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणांना जोडता येते. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या ठिकाणी ती यादी दिसते आणि अनोळखी उपकरण तेथूनच काढता येते. गूगल आणि अ‍ॅपलच्या खात्यांतही अशीच यादी असते. फोटोंचे सामाईक अल्बम, नकाशावर एकमेकांना ठिकाण दाखवण्याची सोय, कुटुंबासाठी घेतलेली एकत्र सदस्यत्वे, टीव्हीवर उघडे राहिलेले खाते, हे सारे याच बैठकीत पाहून घ्यावे.

येथे एक गंभीर अपवाद आहे. घरात मारहाण, धमक्या किंवा पाळत असेल, तर सर्व पासवर्ड एकदम बदलल्याने समोरची व्यक्ती सावध होते आणि धोका वाढू शकतो. अशा वेळी प्रथम त्या व्यक्तीच्या हाती कधीही न लागलेल्या फोनवरून किंवा संगणकावरून वकिलांशी किंवा हिंसाग्रस्तांना मदत करणाऱ्या संस्थेशी बोलावे, सुरक्षित राहण्याची योजना ठरवावी आणि मगच खात्यांना हात लावावा.

दुसरी पायरी : काहीही पुसू नका

आपल्या जुन्या पोस्ट आता आपल्याच विरुद्ध जातील, हे लक्षात आल्यावर त्या भराभर काढून टाकण्याची इच्छा होते. ही इच्छा आवरणे या लेखातील सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. न्यायालयात चालू असलेल्या किंवा होऊ घातलेल्या वादाशी संबंधित मजकूर नष्ट करणे हे अनेक देशांत पुरावा नष्ट करणे ठरते, आणि मूळ पोस्टने झाले नसते एवढे नुकसान ती पुसल्याने होते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात अपघाती मृत्यूच्या भरपाईच्या एका दाव्यात वकिलाच्या कार्यालयाने अशिलाला फेसबुकची ‘साफसफाई’ करायला सांगितले आणि त्याने सोळा छायाचित्रे काढून टाकली. ती पुढे सापडलीच. न्यायालयाने वकिलावर ५,४२,००० डॉलरचा आणि अशिलावर १,८०,००० डॉलरचा भुर्दंड बसवला, आणि २०१३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तो दावा घटस्फोटाचा नव्हता, परंतु पुरावा पुसण्याकडे न्यायालये कोणत्या नजरेने पाहतात ते त्यावरून कळते.

पुसणे आणि झाकणे यांतला फरक मात्र समजून घ्यावा. खाते खाजगी करणे, पोस्ट कोणाला दिसाव्यात ते मर्यादित करणे, अनोळखी लोकांना मित्रयादीतून काढणे, यांत सहसा काही गैर नसते, कारण मजकूर जागेवरच राहतो आणि न्यायालयाने मागितला तर देता येतो. फेसबुकवर खाते तात्पुरते बंद करणे आणि कायमचे हटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायमचे हटवण्याची विनंती तीस दिवसांच्या आत मागे घेता येते आणि नंतर मजकूर परत मिळत नाही, म्हणून दावा चालू असताना त्या बटनाकडे जाऊच नये. आपण काही न करताही मजकूर नष्ट होऊ शकतो, याचेही भान हवे. व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप नाहीसे होणारे संदेश २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी जातात. जोडीदाराशी, त्याच्या नातेवाइकांशी आणि मुलाच्या शाळेशी होणाऱ्या संभाषणांत ही सोय चालू असेल, तर ती आजच बंद करावी.

यानंतर सर्व खात्यांची प्रत उतरवून घ्यावी. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगल या तिन्ही ठिकाणी आपली संपूर्ण माहिती डाउनलोड करण्याची सोय आहे. ही प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन विश्वासाच्या ठिकाणी ठेवावी आणि ती उतरवल्याची तारीख कागदावर लिहून ठेवावी.

आधीच काही अविचाराने लिहिले गेले असेल, तर ते वकिलांना पहिल्याच भेटीत दाखवावे. अशिलाच्या तोंडून आधी कळलेल्या गोष्टीचे उत्तर वकील तयार ठेवू शकतो. तीच गोष्ट समोरच्या वकिलाने भर न्यायालयात काढली, तर आपल्या वकिलाच्या हातात काही उरत नाही.

तिसरी पायरी : लिहिणे थांबवा

माझे स्पष्ट मत असे आहे की दावा संपेपर्यंत स्वतःच्या आयुष्याविषयी काहीही टाकू नये. सणाच्या शुभेच्छा, व्यवसायाची माहिती, एखादी बातमी, एवढ्यावर थांबावे. ‘विचार करून टाका’ हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण दुखावलेल्या माणसाला रात्री बारा वाजता विचार करता येत नाही, आणि म्हणूनच सरसकट नियम अधिक उपयोगी पडतो. फोनमधून ही अ‍ॅप काही महिन्यांसाठी काढून टाकली, तरी खाती आणि त्यांतला मजकूर सुरक्षित राहतो. याला व्हॉट्सअ‍ॅपचा अपवाद करावा, कारण त्यातले संभाषण फोनमध्येच साठवलेले असते आणि बॅकअप नसताना अ‍ॅप काढल्यास ते गमावण्याची भीती असते.

नाव न घेता मारलेले टोमणे हा आपल्याकडचा विशेष लाडका प्रकार आहे. ‘काही माणसे मुखवटे घालून फिरतात’ अशा धर्तीचा सुविचार, विश्वासघातावरची एखादी चारोळी, मुलाला कुशीत घेतलेला डीपी आणि त्याखाली ‘आता आम्ही दोघेच एकमेकांना’ ही ओळ, यांत कोणाचेही नाव नसते, पण वाचणाऱ्या प्रत्येकाला रोख कळतो आणि तो न्यायाधीशांनाही कळतो.

फोटोचा अर्थ आपण ठरवू शकत नाही, हेही ध्यानात घ्यावे. समजा, महिनाभर घराबाहेर न पडलेल्या एका आईला मैत्रिणींनी बळेच जेवायला नेले आणि त्यांतल्या एकीने रात्री साडेदहाला फोटो टाकून तिला टॅग केले. टेबलावर चार पेले आहेत, सगळ्या हसत आहेत, आणि आईच्या पेल्यात लिंबू सरबत आहे हे फोटोत दिसत नाही. त्याच संध्याकाळी तिने मुलाच्या वडिलांना ‘बरे वाटत नाही, आज व्हिडिओ कॉल नको’ असे कळवलेले असेल, तर हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले जातील. तिला खरोखरच सकाळपासून कणकण असेल आणि संध्याकाळी उतार पडला असेल, पण ते सिद्ध करण्याचे ओझे आता तिच्यावर आले. म्हणून टॅगला आपल्या संमतीशिवाय मान्यता मिळणार नाही अशी सेटिंग इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर चालू करावी, आणि मित्रमैत्रिणींना आपले फोटो टाकू नका असे आधीच सांगून ठेवावे.

इतरांच्या पोस्टवरची लाइक आणि प्रतिक्रिया यांनाही हाच नियम लावावा. घटस्फोटितांच्या ग्रुपमध्ये निनावी म्हणून विचारलेला प्रश्नही फार काळ निनावी राहत नाही, कारण मुलाचे वय, लग्नाचे वर्ष आणि भांडणाचे कारण वाचून ओळखणारा कोणीतरी त्या ग्रुपमध्ये असतोच. वकिलांनी दिलेला सल्ला बहिणीला किंवा मित्राला फॉरवर्ड करू नये. वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयतेचे संरक्षण अशा फॉरवर्डमुळे धोक्यात येऊ शकते.

चौथी पायरी : नातेवाइकांना आवरा

आपण गप्प बसलो तरी मावशी, आत्या, मोठा भाऊ आणि कॉलेजचे मित्र गप्प बसत नाहीत. प्रेमापोटीच ते समोरच्याच्या फोटोखाली काहीतरी खरमरीत लिहून येतात आणि ते आपणच लिहायला लावले असा अर्थ काढला जातो. कुटुंबाच्या ग्रुपमध्ये भाषण देण्याऐवजी प्रत्येकाला वेगळा फोन करून, ‘माझ्या बाजूने बोलायचे असेल तर कृपया काहीच लिहू नका, त्याने मला मदत होईल,’ असे सांगावे. सासर-माहेरच्या मिश्र ग्रुपमध्ये दाव्याचा विषय निघाला तर उत्तर देऊ नये.

पाचवी पायरी : मुलाला यातून पूर्णपणे बाहेर ठेवा

मुलाचा फोटो टाकताना आपल्याला आपले प्रेम दिसते, परंतु गणवेशावरच्या चिन्हातून शाळा कळते, मागच्या पाटीवरून वस्ती कळते आणि रोजच्या वेळेवरून दिनक्रम कळतो. फोनने काढलेल्या मूळ फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास ही नोंद निघून जाते, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती तशीच राहते. दोन्ही पालकांची लेखी संमती नसेल तर दावा संपेपर्यंत मुलाचे फोटो टाकू नयेत, आणि शक्य असल्यास दोन्ही बाजूंच्या आजी-आजोबांनाही हीच विनंती करावी.

दाव्याची कागदपत्रे, तारखेला काय झाले, समुपदेशकांपुढे मूल काय बोलले, हे कोठेही लिहू नये. भारतात हिंदू विवाह कायद्याच्या २२ व्या कलमानुसार अशी कामकाजे बंद दालनात चालतात आणि त्यांची माहिती छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा दंडनीय अपराध आहे.

मुलाला निरोप्या किंवा हेर करणे तर त्याहून वाईट. ‘बाबांच्या फोनमध्ये कोणाचे फोटो आहेत ते बघ’ किंवा ‘आईने काय टाकले त्याचा स्क्रीनशॉट मला पाठव’ असे सांगितले की दहा वर्षांच्या मुलाला कळते की आपल्यावर एक काम सोपवले आहे आणि ते केले तर दुसऱ्याचा विश्वासघात होणार आहे. दुसऱ्या पालकाबरोबरच्या व्हिडिओ कॉलच्या वेळी मुलाला एकटे बोलू द्यावे. मागे उभे राहून उत्तरे सुचवणे आणि वकिलांना न विचारता कॉल रेकॉर्ड करणे दोन्ही टाळावे. किशोरवयीन मुलांची स्वतःची खाती असतात आणि ती आपल्या दोघांच्याही पोस्ट पाहतात. मुलगी घरी येऊन काही बोलली नाही, याचा अर्थ तिने वाचले नाही असा होत नाही.

सहावी पायरी : दुसऱ्या पालकाला पाठवलेला प्रत्येक संदेश अर्जासारखा लिहा

माझ्या मते ताब्याच्या दाव्यात जाहीर पोस्टपेक्षाही खाजगी संदेश अधिक बोलतात, कारण ते रोज लिहिले जातात आणि त्यांत माणसाचा स्वभाव उघडा पडतो. म्हणून मुलाविषयीचे सर्व बोलणे शक्यतो एकाच ठिकाणी आणि लेखी करावे, एका संदेशात एकच विषय घ्यावा आणि त्यात तारीख, वेळ, ठिकाण व आपली मागणी स्पष्ट लिहावी.

‘तू नेहमीसारखाच उशीर करणार, तुला मुलाचे काही पडलेले नाही, आजही तो दाराकडे बघत बसला होता’ हा संदेश कदाचित शब्दशः खरा असेल. तरीही त्याऐवजी ‘आज भेटीची वेळ सायंकाळी पाचची होती. पावणेसातपर्यंत आपण आला नाहीत. चिन्मय वाट पाहत होता. येत्या शनिवारी पाच वाजता येणार असाल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवावे’ असे लिहिले, तर तक्रार तेवढीच नोंदली जाते आणि कोणीही तिसरा माणूस वाचताना आपल्या बाजूने उभा राहतो. दुसऱ्या संदेशात उशीर किती झाला हे कळते, पहिल्यात फक्त राग कळतो. एरवीच्या बोलण्यातले ‘तू’ येथे ‘आपण’ झाले तरी हरकत नाही, किंबहुना त्या परकेपणाने हात आवरला जातो.

रागाचा संदेश आला तर उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावे. मुलाचे आजारपण किंवा ठरलेली भेट अशी तातडीची बाब असेल, तर तेवढ्यापुरतेच उत्तर देऊन बाकीचा मजकूर सोडून द्यावा. पाठवलेला संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि सुमारे अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी काढता येतो, पण ‘हा संदेश काढून टाकला आहे’ ही खूण मागे राहते आणि तोवर तो वाचलेलाही असतो. न्यायालयाने संपर्काची व्यवस्था ठरवून दिली असेल तर दुसऱ्या पालकाला वकिलांना न विचारता ब्लॉक करू नये, कारण मुलाशी संपर्क तोडला असा आरोप त्यातून होतो. सूचनांचा आवाज बंद करून दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी संदेश पाहणे हा चांगला मधला मार्ग आहे.

सातवी पायरी : पैसा आणि नवे नाते

पोटगीच्या अर्जात उत्पन्न नाही असे म्हणायचे आणि नव्या गाडीपुढे उभे राहून फोटो टाकायचा, किंवा नोकरी गेली असे सांगायचे आणि लिंक्डइनवर बढतीच्या शुभेच्छा स्वीकारायच्या, हे प्रतिज्ञापत्र तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे ठरवले आहे, त्यामुळे तुलना करणे सोपे झाले आहे. येथे उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे प्रतिज्ञापत्रात खरे लिहिणे. नवे नाते असेल तर ते समाजमाध्यमांवर अजिबात येऊ नये, डेटिंग अ‍ॅपवरचे खातेही याच हिशेबात धरावे, आणि त्या व्यक्तीबरोबर मुलाचा फोटो तर मुळीच येऊ नये.

आठवी पायरी : समोरच्याचा मजकूर पुरावा म्हणून घेताना

जे आपल्याला उघडपणे दिसते किंवा आपल्यालाच पाठवले गेले, तेवढेच घ्यावे. खोटे प्रोफाइल काढून मैत्री करणे, पासवर्ड ओळखून खात्यात शिरणे, फोनमध्ये हेरगिरीचे अ‍ॅप टाकणे हे गुन्हे ठरू शकतात, आणि त्यातून मिळालेला मजकूर कितीही बोलका असला तरी तो मिळवणाऱ्याची प्रतिमा मलिन करतो. न्यायालयाला आवश्यक वाटले तर ते स्वतः आदेश देते. कनेक्टिकटमध्ये २०११ साली एका घटस्फोटाच्या दाव्यात न्यायाधीशांनी पतिपत्नींच्या फेसबुक व डेटिंग खात्यांचे पासवर्ड दोन्ही वकिलांना एकमेकांकडे द्यायला लावले होते.

स्क्रीनशॉट घेताना लिहिणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, आणि अलीकडचे-पलीकडचे संदेशही घेतले पाहिजेत, कारण अर्धवट संभाषण समोरचा पक्ष पूर्ण करून दाखवतो आणि मग लपवल्याचा ठपका आपल्यावर येतो. व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण एक्स्पोर्ट केल्यावर जी फाइल मिळते, ती साधी मजकुराची फाइल असते आणि ती कोणालाही बदलता येते, म्हणून ज्या फोनवर मूळ संदेश आहेत तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये आणि दुरुस्तीला देण्यापूर्वी वकिलांना विचारावे. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे मजकूर जरा जरी बदलला तरी बदलणारी तिची संगणकीय ओळखखूण, नमूद करावे लागते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वादात जोडीदाराशी झालेल्या संभाषणाचे गुप्त ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून स्वीकारता येते असा निर्णय दिला. त्याचा अर्थ जोडीदाराच्या खात्यात शिरायला परवानगी मिळाली असा कोणी काढू नये. त्याची दुसरी बाजू अशी की आपला फोनवरचा आवाजही उद्या न्यायालयात ऐकवला जाऊ शकतो.

निकालानंतर

निकाल लागला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत उतरवून ठेवलेल्या प्रती, जुना फोन आणि संभाषणे जशीच्या तशी ठेवावीत. ताब्याच्या आदेशात परिस्थिती बदलल्यास फेरफार मागता येतो, म्हणून मूल सज्ञान होईपर्यंत मुलाविषयीचे संदेश जपून ठेवणे अधिक योग्य. निकालाच्या दिवशी विजयाची पोस्ट टाकू नये. त्या दिवशीही मुलाला दुसऱ्या घरी जायचे असते, आणि शनिवारी पाच वाजता दार उघडायला तोच दुसरा पालक उभा असतो.